दोऱ्याने घासलेले मणी

३ डिसेंबर, मंगळवार

मणी जुने आहेत. रामधन सोनाराने आज दुकानात भिंग लावून पाहिलं आणि सांगितलं. सगळे नाहीत, पण बरेच.

'ताई, भोक पाहा. एका अंगानं लांबलं. दोऱ्यानं घासते असं, तेबी एखाद-दोन वर्षांत नाई. हे कोनाच्या तरी गळ्यात जलम काढून आलेले हायेत.'

आम्हाला मणी आणून देणारा देवसिंग मात्र दीड वर्षापासून सांगतोय, बाप रोज भट्टीवर बसून नवे घडवतो. पत्रा ठोकून दोन वाट्या, मग सांधा झाळून एक मणी. आम्ही तेच चिठ्ठ्यांवर छापून घेतलं आणि प्रत्येक माळेला बांधलं – 'नवे, हाताने घडवलेले'. पुण्याचं दुकान त्या शब्दांवरच माल उचलतं.

मग जुने मणी आले कुठून? चोरीचे? की एखाद्या अडलेल्या बाईच्या गळ्यातून पडत्या भावात काढलेले? त्याच्या तांड्यातल्या म्हाताऱ्यांच्या अंगावर चांदी असते, आणि अडचण कुणाला चुकलीय! देवसिंगच्या गोड बोलण्याचा मला पहिल्यापासून थोडा संशय होताच. माल देताना तो कधी डोळ्यांत बघत नाही.

माळा ओवत बसलेल्या विजयमालावहिनीला सांगितलं. तिची सुई थांबली. पुण्याच्या दुकानाची प्रेरणा पंधराला येणार – तयार माळा न्यायला आणि कारागिराचा व्हिडिओ काढायला. 'मग आता ओवू का नको?' वहिनी म्हणाली.

ओवत राहा, म्हटलं. एका सूत्रावर बातमी लावायची नाही आणि एका सूत्रावर थांबवायचीही नाही. सव्वीस वर्षं पेपरच्या डेस्कवर हेच केलं.

४ डिसेंबर, बुधवार

देवसिंगला फोन. सरळ विचारलं – मणी नवे आहेत का?

'ताई, बाच्याच हातचे हायेत. मायची आन!'

पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. 'बाच्या हातचे हायेत.'

मी विचारलं होतं नवे का. त्याने सांगितलं कुणाच्या हातचे. असली उत्तरं मी पुढाऱ्यांकडून खूप ऐकली आहेत. विचारलेल्या प्रश्नाच्या शेजारच्या प्रश्नाला जो खरं उत्तर देतो, त्याच्याकडे लपवायला काहीतरी असतं.

६ डिसेंबर, शुक्रवार

ओवायला येणारी दीपमाला आज विहारात. वहिनी एकटीच ओवत बसली. 

७ डिसेंबर, शनिवार

देवसिंग नवा माल घेऊन आला. नेहमीसारखा फडक्यात बांधलेला. पायात नवे बूट. मी बूट पाहिले हे वहिनीने पाहिलं. तो गेल्यावर म्हणाली, 'मोजे पाहायचे राह्यले न तुमचे!'

त्याला म्हटलं, सोमवारी तुझ्या घरी येते, वडिलांना भेटते.

'बा भट्टीवर असला का कोनाले जवळ बसू देत नाई.'

लांबून बघेन, म्हटलं.

'रस्ता लय खराब हाये ताई. तुमची कंबर जाईन.'

त्या रस्त्याचं डांबरीकरण झालं तेव्हा बातमी मीच लावली होती! हे त्याला सांगितलं नाही. खोटं बोलणाऱ्याला अडवू नये, बोलू द्यावं.

तो गेल्यावर खिडकीच्या उजेडात मणी निवडले. घासलेल्या भोकांचे वेगळे, गोल भोकांचे वेगळे. गोल भोकांचे अगदी थोडे निघाले. या खेपेला जुने जास्तच. म्हणजे प्रमाण वाढतंय. हात सोकावलाय.

९ डिसेंबर, सोमवार

तांड्यावर जाऊन आले. वाईट झालं. किती, ते अजून कळत नाही.

कुठल्याही गावात गेलं की आधी तिथल्या प्रमुखाला भेटायचं, नाव सांगायचं, मग प्रश्न – ही माझी जुनी सवय. म्हणून थेट उकंडा नायकांकडे गेले. ते लिंबाखालच्या ओट्यावर बसले होते, सोबत कारभारी आणि आणखी दोघं-तिघं. राम राम झाला. पाणी आलं. मी विचारलं, 'तुमच्या तांड्यातला देवसिंग जी चांदी विकतो, ती कुणाची आहे?'

 कारभाऱ्याने पागोटं सारखं केलं.

नायक म्हणाले, 'ताई, हे तुमी माह्या घरात इचारलं असतं तं गोष्ट येगळी होती. ओट्यावर इचारलं. चौघांपुढं.'

मी फक्त माहिती घेतेय, म्हटलं.

'माहिती आमी घेऊ आता. तुमी फिर्याद केली.'

ओट्यावर, नायकासमोर, एखादी वस्तू कुणाची असं विचारणं म्हणजे इथे चोरीचा आळच. त्यावर नसाब – तांड्याची न्यायसभा – बसवावीच लागते. रविवारी बसणार. तोवर देवसिंगने कुणाला एक मणीसुद्धा विकायचा नाही. आणि फिर्यादी मी! हसू आलं, पण ओट्यावर कुणीच हसत नव्हतं.

नसाबीत उत्तर दिलं नाही तर? 'जो गप बसला त्याची चोरी ठरली,' कारभारी म्हणाला. 'मंग त्याच्यासंग तांड्याचा यवहार बंद. पोरीबाळीचं लगन बी अडते.' देवसिंगची मुलगी लग्नाची आहे, हे मला तिथेच कळलं.

मग देवसिंगच्या वडिलांच्या, पूनमसिंगांच्या घरी गेले. देवसिंग नव्हता. म्हातारा खरोखर भट्टीवर होता. मला बघून खूश. 'पेपरवाल्या बाई! फोटो छापसान तं मिशा काळ्या करून छापा!' दारव्ह्याच्या एका सोनाराकडे राहून तरुणपणी शिकलेला माणूस. अख्ख्या तांड्यात चांदी घडवणारं हे एकच घर. बोलता बोलता त्यांनी सकाळी केलेला मणी माझ्या तळहातावर ठेवला. 'पाहा. एक नंबर!'

मी उजेडाकडे धरून भोकातून पाहिलं. भोक गोल होतं. पण मणी – दोन वाट्या एकमेकींवर बसल्याच नव्हत्या. चुकीचं झाकण लावलेल्या डब्यासारखा ओठ बाहेर आलेला. असला मणी आमच्याकडे कधीच आलेला नाही!

त्यांची बायको बसंतीबाई चुलीपाशी होती. ओढणी गळ्यापर्यंत घट्ट ओढलेली. माझ्याकडे एकटक बघत होती.

ती काहीतरी लपवतेय. बहुतेक तिचं घरच इतर बायकांकडून चांदी गोळा करतं, आणि म्हातारा फक्त दाखवायला बसवलेला.

१० डिसेंबर, मंगळवार

वहिनी भडकली. 'तुमी चौकशीले गेल्या होत्या का मुकदमा करायले? पोराच्या पोटावर पाय द्यायची काय गरज होती?'

तो खरा असेल तर नसाबीत खरं सांगेल, म्हटलं.

'आन मालाचं काय? आता मधात माल बंद. हाये तेवढ्यात माळा भागवा लागतीन.'

भागवा, म्हटलं.

देवसिंगला चार फोन केले. उचलत नाही. निर्दोष माणूस फोन उचलतो.

११ डिसेंबर, बुधवार

दुपारी बसंतीबाई आली. एकटी, एसटीने. जिनिंगजवळ उतरून विचारत विचारत आली. ओढणीवर कापसाचे पुंजके चिकटलेले.

वहिनी आणि दीपमाला ओवत होत्या. बसंतीबाईने त्यांच्या हातातल्या माळेकडे नुसतं पाहिलं. मग मला म्हणाली, 'बाई, आत चाला.'

आतल्या खोलीत तिने गळ्यावरची ओढणी बाजूला केली. चांदीच्या मण्यांचा हार. दोनच सर. पण टोकाच्या पट्टीला सात सरांची भोकं होती. पाच रिकामी.

'हे बी देवसिंगच्या बाच्याच हातचे हायेत. लगन झाल्यावर घडवून देल्लते. एकेक सर, एकेक साल.'

मग सांगितलं. पूनमसिंगांचा हात दिवाळीच्या आधीपासून गेला. चिमटा धरला की थरथरतो, सांधा चुकतो. पण डोळ्यांनीही नीट दिसत नाही, म्हणून त्यांना आपलं काम पहिल्यासारखंच वाटतं. ते मणी करतात, ही मोजून फडक्यात बांधते, आणि देवसिंगच्या हाती देताना आपल्या हारातले घालते. वाकडे मणी तुरीच्या कोठीत. 'वितळवायले जीव होत नाई.'

आणि देवसिंग?

'त्याले ठावं हाये. म्या आन घातली – बाले कळलं तं माहं मेलेलं तोंड पाह्यशीन.'

मला विचारावंच लागलं. सवय. हार तोडायला कुणी जबरदस्ती केली का – मुलाने, सुनेने?

बसंतीबाई हसली. किती दिवसांनी कुणी मोकळं हसलं या घरात! 'माह्यावर? जबरी? पूनमसिंगच्या बापाची टाप नाई झाली!'

मग हसू गेलं. 'रविवारी देवसिंग गप राह्यतो म्हनते. आयकून घेईन, दंड भरीन, बाचं नाव काढत नाई. पोरीचं लगन अडते त्याच्यात. बाई, तुमी फिर्याद काढून घ्या.'

तिच्यासमोरच नायकांना फोन लावला. फिर्याद मागे घेता येते, म्हणाले – पण त्याच ओट्यावर, कारण सांगून. कारण सांगितलं की पूनमसिंगांना कळणार. नाही सांगितलं तर देवसिंग चोर.

तिला एसटीत बसवून आले. चहा घेतला नाही तिने.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज दिवसभर ताळा करत बसले. चोरी नाही. जबरदस्ती नाही. मणी हाताने घडवलेले – खरं. नवे – खोटं, आणि ते खोटं आमच्या चिठ्ठीवर छापलेलं आहे. देवसिंगने मला सांगितलेलं प्रत्येक वाक्य खरं होतं. रस्ता सोडून.

म्हणजे पुरवठादार सच्चा. मग मला बरं का वाटत नाही?

ती रिकामी भोकं डोळ्यांसमोरून जात नाहीत. आमच्याकडून ऑर्डर वाढली, तसे सर कमी झाले.

अजून संशय आहे. बसंतीबाई म्हणते म्हाताऱ्याला काही माहीत नाही. पण तिच्या गळ्यात रोज कमी दिसतं ते एका घरात राहून त्याला दिसत नसेल? इतकी नजर अधू असेल तर मला तो दारातच 'पेपरवाल्या बाई' कसा म्हणाला? की देवसिंगने आधी सांगून ठेवलं होतं? एकाचंही पूर्ण खरं मानवत नाही मला. या धंद्यानं लावलेली खोड.

वहिनीला सगळं सांगितलं. तिने सुई खाली ठेवली. दीपमालाही थांबली.

'मंग आता?' वहिनी म्हणाली. 'थोड्याच माळा राह्यल्या.'

प्रेरणाला शब्द दिलाय. पंधरा म्हणजे पंधरा. आयुष्यात एकदाही पान उशिरा सोडलं नाही मी.

'पूर्ण करा. चिठ्ठीवरचं नवे खोडू. बाकीचं रविवारनंतर बघू.'

वहिनीने सुई उचलली. ओवायला लागली. दीपमाला मात्र हात धुऊन घरी गेली. 'ताई, मले नाई जमत,' एवढंच म्हणाली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

देवसिंगवरची फिर्याद संपली. नायकांनी फोनवर सांगितलं, नंतर देवसिंगनेही – आठवडाभरात पहिल्यांदा त्याने स्वतः फोन केला.

काल संध्याकाळी पूनमसिंग आपल्या पायाने ओट्यावर गेले. चांदी माझ्या बायकोच्या गळ्यातली, घडवलेली मी, पोरगा चोर नाही – असं चौघांसमोर सांगितलं. त्यांना पहिल्या सरापासून माहीत होतं. हात बसला की बसंतीला ते सर पुन्हा घडवून देईन, म्हणून रोज भट्टीवर बसत होते.

मग त्याच ओट्यावर त्यांनी फिर्याद केली. माझ्यावर.

नायकांनी त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. 'बाईनं माहा मनी घेऊन भोकातून पाह्यलं. सोनाराबिगर असं कोनी पाह्यत नाई. तिले कळलं होतं. बसंती घरी आली तं म्या इचारलं – ओवनं चालू होतं का बंद? ती म्हने, चालू. मंग कळल्यावर बी ओवलं काहून?'

दंड मागितला नाही. मणी परत मागितले नाहीत. उत्तर मागितलंय.

नसाब रविवारी सकाळी, ओट्यावर. सगळ्या माळा सोबत आणायच्या. प्रेरणा त्याच सकाळी इथे दिग्रसला उतरते. तिला आधी घरी आणायचं की सरळ तांड्यावर, वहिनी मघापासून विचारतेय.