गाभाऱ्यातून आलेले नाव

१२ डिसेंबर १९५७
पुण्याहून निघून तिसऱ्या दिवशी केळापूरच्या डाकबंगल्यात सुखरूप पोहोचलो. मी सत्तावन्न वर्षांचा, तर्कशास्त्राचा निवृत्त अध्यापक. सत्यशीला त्रेचाळीस वर्षांची नववधू. आणि मधुचंद्र पडक्या देवळांचा. 'अहो, माणसं महाबळेश्वरला जातात, तुम्ही मला दगड दाखवायला आणलंत!' असे म्हणून ती मनमुराद हसली. ती माझे नाव उखाण्यातही घेत नाही. नाव घेतल्याने पतीचे आयुष्य घटते, या तिच्या समजुतीपुढे माझे सर्व प्रतिवाद व्यर्थ ठरले आहेत.

१३ डिसेंबर
येथे स्वयंपाक करणाऱ्या, तांड्यावरच्या लालीबाईने जंगलातील हेमाडपंती देवळाविषयी बजावले: 'जोडीनं जाता त हात नोका सोडू, साहेब. थो गाभारा माणूस ठेवून घेते अन् तसाच दुसरा धाडते.' मी प्रमाण मागितले. तिने भाकरी उलटली. 'प्रमाण कायले? माही बहीण गेलती. आली तवापासून एक शब्द नाही बोलली.'

१४ डिसेंबर
दुपारी देवळात गेलो. शिलालेख उतरवून घेण्यास दोन्ही हात लागतात, म्हणून तिचा हात सोडला. मान वर केली तेव्हा ती मंडपाच्या दाराशी उभी होती. त्याच क्षणी गाभाऱ्यातून तिच्याच आवाजात हाक आली: 'नीळकंठ!' मी अनुमान केले. सत्यशीला माझे नाव उच्चारीत नाही. हा आवाज उच्चारतो. म्हणून हा आवाज सत्यशीलेचा नव्हे. अनुमान निर्दोष. दाराशी होती तिचा हात धरून बाहेर पडलो. हाका वाटेवर बराच वेळ ऐकू येत होत्या.

१५ डिसेंबर
ती बोलत नाही. थंडीने घसा बसला असावा. लालीबाईने तिच्याकडे एकदाच पाहिले आणि तवा उतरवून निघून गेली.

१६ डिसेंबर
जेवत नाही. हसत नाही. तांड्यावर जाऊन लालीबाईला गाठले. तिने एवढेच विचारले, की आतून हाक आली होती काय. मी होय म्हणालो. ती रडू लागली.
नियम मोडायला लावील एवढे भय असू शकते, हे मी गृहीतच धरले नाही. माझे आयुष्य घटेल हे मानूनही तिने — आणि मी —

१७ डिसेंबर, देवळात
हाक अजून येते. क्षीण. नावानेच.
डावा हात गाभाऱ्यात घातला — धरला कोणीतरी. थंड, पण थरथरतो आहे. या वेळी सोडणार नाही. उजव्याने लिहितो —
दाराशी ती. मागोमाग आली.
हसली. मनमुराद.
'अहो,' म्हणाली, 'तो हात सोडा.'
सत्यशीला मला 'अहो' म्हणते. ही 'अहो' म्हणते. म्हणून —