उशिरा घातलेली बुरशी

चेन्नई, १३ जुलै

तीर्थरूप बाबा,
तनयाचा नमस्कार.

मी ठीक आहे, जेवणही वेळेवर होतं. फोनवर तुम्ही मध्येच तब्येत विचाराल, म्हणून लिहिते आहे.

मिरचीच्या मुळांत राहून रोपाला पोसणाऱ्या दोन बुरश्यांवर माझं काम चाललंय. दोन्ही एकत्र घातल्या की एक जोमानं पसरते आणि दुसरी दबून जाते. दर वेळी असंच व्हायचं. या खेपेला मात्र जोमदार बुरशी घालायला मला आठ दिवस उशीर झाला. (थोडा ताप होता, उतरला. खालच्या मजल्यावरच्या धनलक्ष्मीमामी, तंजावरच्या मराठी, रोज रसम-भात पाठवायच्या. आईला वाचून दाखवताना एवढं गाळा.)

"प्रयोग बिघडला, कुंड्या रिकाम्या कर," आमच्या मॅडम म्हणाल्या.

"आधी मुळं तरी बघू द्या ना," मी म्हटलं.

मुळं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर दबणारी बुरशी मूळभर पसरलेली! जोमदार बुरशीला कशीबशी जागा मिळाली होती. मॅडमनी तीनदा पाहिलं. मग म्हणाल्या, "चाळीस कुंड्या नव्यानं लाव. आता उशीर मुद्दाम कर."

म्हणजे मुळांत आधी कोण शिरतं, यावरच सगळं ठरतं का? रोपवाटिकेत तुम्ही बुरशीची दोन्ही पाकिटं एकदमच मिसळता ना? एका वाफ्यात अंतर ठेवून बघाल? आईचा गुडघा कसा आहे?

दबणारी बुरशी काल घातली. जोमदार बुरशीची बाटली फ्रिजमध्ये आहे. हात शिवशिवतात, पण वीस तारखेपर्यंत तिला शिवायचं नाही.

तुमची,
तनया