सभेच्या चपला

दिंडोशी,
विसर्जनानंतरचा रविवार

चि. सौ. शेवंतीस,

तुझ्या दादाचा साष्टांग नमस्कार. (थोरल्या भावाने धाकट्या बहिणीला आशीर्वाद द्यायचा असतो, हे मला ठाऊक आहे. सध्या तेवढी माझी पात्रता नाही.) कंबर कशी आहे? गणपतीच्या गर्दीत पंधरा दिवस दुकानात उभी होतीस, म्हणून विचारतो. जान्हवीचा अभ्यास बरा चालला असेल. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आज मला आभार मानायचे आहेत.

श्रावणात भांडुपच्या मंडळात माझं व्याख्यान झालं, ‘सामान्य माणसाचा खिसा’. माझा सिद्धांत साधा आहे. हात आखडला की माणूस धान्य सोडत नाही, भाडं चुकवत नाही. तो आधी कापडचोपड आणि चपला पुढे ढकलतो. म्हणून देशाची नाडी बघायची तर लोकांच्या अंगावर आणि पायांत बघावी. (हे मोठमोठ्या ग्रंथांत आहे. चूक ग्रंथांची नाही.) सतरंजीवर बसायचं म्हणून श्रोत्यांनी चपला बाहेर काढलेल्या. आत जाण्याआधी मी वाकून एकूण एक जोड तपासला. त्रेसष्ट जोड! कुणाचा अंगठा तुटलेला, कुणाचा पट्टा सेफ्टी पिनने जोडलेला, एका जोडातली तर डावी काळी आणि उजवी तपकिरी. आत बघतो तर सदरेही विटलेले. माझं रक्त उसळलं. लिहून आणलेलं भाषण खिशात घातलं आणि सव्वा तास मंदीवर गरजलो, ‘देशाचा ताळेबंद या उंबरठ्याबाहेर पडला आहे, जाऊन बघा!’ दोन बायका रडल्या. तिसरा रडणारा तुझा नवरा.

रामनाथरावांनी तिथल्या तिथे बाहेर जाऊन घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला आणि तुमच्या चपलांच्या दुकानाचा गणपतीचा सगळा माल रद्द केला. वर्षाची निम्मी विक्री या पंधरा दिवसांत, जान्हवीची फी त्यातूनच. आणि हा भला माणूस माझ्या एका भाषणावर फळ्या रिकाम्या ठेवायला निघाला. (इतका श्रद्धाळू श्रोता मला दुसरा मिळालेला नाही.)

चतुर्थीच्या चार दिवस आधी मी तुमच्या सांत्वनाला आलो. वाटेत चार ओळी जुळवल्याही होत्या. तर दुकानात पाय ठेवायला जागा नाही. गावी निघालेलं सगळं भांडुप तिथे! "दादा, खांबासारखा उभा काय राहिलास? माळ्यावर चढ, सात नंबर काढ," असं तू म्हणालीस, आणि तीन तास मी खोकी काढत होतो. मासळी विकणाऱ्या मंजुळाबाईंनी मला खालून ओळखलं. "भाषणवाले ना तुम्ही? ती काळी-तपकिरी माझीच. सभेची चप्पल हाय ती. चांगली घालून गेले आणि कोणी उचलली तर अनवाणी येऊ काय?" मी विटलेल्या सदऱ्यांचं विचारलं. "जमिनीवर बसून डुलक्या काढायच्या, त्याला इस्त्रीचा कशाला?"

आणि तू मान वर न करता म्हणालीस, "हे मी ह्यांना त्याच संध्याकाळी सांगितलं, आणि माल परत मागवला. देवळाच्या, सभेच्या, बाराव्याच्या चपला प्रत्येक घरात वेगळ्या असतात रे. तू वाचतोस खूप, पण कधी चप्पल विकली आहेस?"

शेवंती, मी पंचवीस वर्षं बोलतोय. माझं ऐकून कुणाचं भलं झालं, याचा पुरावा अजून सापडायचा आहे. माझं न ऐकल्याने एक घर तरलं, याचा पुरावा तू आहेस. वर त्या दिवशी मला चहा पाजलास, आणि जान्हवीसमोर एका शब्दाने टाकून बोलली नाहीस. हे उपकार मी विसरणार नाही.

तुझा,
चंद्रप्रकाशदादा

ता. क. सिद्धांत मात्र खरा आहे. फक्त मोजायची जागा चुकली.

आणखी ता. क. जागा बदलून पाहिली. तुझ्या दुकानातली गर्दी आधाराला घेऊन परवा मी रामनाथरावांना फोनवर तेजी समजावून सांगितली. ते आता दिवाळीसाठी तिप्पट माल भरणार आहेत. कृपा करून त्यांना थांबव. मीच थांबवलं असतं गं. पण माझं बोलणं संपल्यावर त्यांनी फोन बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. मला ऐकू आल्या.