आबाच्या विहिरीला तिकीट

खडकमाळ, पैठण रोड
ता. ५ मार्च २००३

चि. बिभीषण यास, अक्काचा आशीर्वाद हाय, पण आज हात आखडूनच देते.

आन् वरून रिसॉर्टच्या फाटकावरचा तो दरवान मलाच इचारतो की मावशी, परवानगी कुणाची काढली? आबाच्या विहिरीवर आबाच्या लेकीला परवानगी! मेंढरं तारेला तोंडं लावून उभी, आतून पाण्याचा वास येतोय, आन् हा निळ्या कपड्यातला पोरगा मला सांगतोय की माणसाला तिकीट हाय आन् जनावराला बंदी. मी म्हणलं, तिकिटं इकणारा माझाच भाऊ हाय, शहरात उस्मानपुऱ्याला तुमच्याच खिडकीत पंख्याखाली बसून इकतो. तो हसला. मला हसू आलं नाय.

वैजापूरकडं सासरी यंदा माणसालाच प्यायला पाणी नाय. म्हणून तुझे दाजी आन् मी मेंढरं घेऊन निघालो, दरसाल उन्हाळ्यात येतो तसेच. आबानं नऊ एकरातली सात एकर त्या रिसॉर्टवाल्याला दिली, दोन एकर आन् विहीर ठेवली, हे मला ठाऊक हाय. पण ती दोन एकर मधोमध, आन् भोवताली सगळी त्यांची तार. गेल्या साली वाट मोकळी होती, यंदा फाटकाला कुलूप. पाटीबी बदलली. पयले आप्पासाहेबाचा शिवराज फार्म होता, मग शिवराज रिसॉर्ट झाला, आता रंगधारा लिवलंय. खरा मालक कोण ते तरी सांग, म्हणजे मला भांडाय बरं.

सध्या शेजारच्या कडुबाच्या वावरात मेंढरं बसवलीत. त्याला खत मिळतं, म्हणून तो हौदातलं पाणी देतो. पण त्याची बोअर उचक्या द्यायला लागली हाय.

फोनवर तू हो हो म्हणतोस आन् ठेवून देतोस, म्हणून लिवायला बसले. चौथीपर्यंतची अक्षरं हायत, लावून वाच. उत्तर पैठणच्या गाडीच्या कंडक्टरजवळ धाड. ज्ञानेश्वरीला म्हणावं, आत्या रागात हाय, पण तुझ्यावर नाय.

तुझी अक्का
रत्नमाला

---

उस्मानपुरा, औरंगाबाद
ता. ९ मार्च २००३

तीर्थस्वरूप अक्कास, धाकट्या बिभीषणचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. आशीर्वाद आखडून दिलास तरी मी दोन्ही हातांनी घेतला आहे.

तुझं पत्र हिने मोठ्याने वाचून दाखवलं. ज्ञानेश्वरी हसून लोळली. मी नाही हसलो.

मालकाचं विचारलंस, सरळ सांगतो. आठ वर्षांपूर्वी आप्पासाहेबांनी आंब्याची बाग लावायची म्हणून कंपनी काढली. आबांची सात एकर घेतली ती रोख देऊन नव्हे, कंपनीचे शेअर देऊन. शेअर म्हणजे काय ते आबांना उमगेना. तेव्हा मीच समजावलं की आपण एखाद्या गरजवंताला मेंढी अर्धलीनं देतो ना, तसंच हे. मेंढी आपली, पिलं निम्मी निम्मी. आबांनी लगेच अंगठा दिला. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. पण कंपनीत ते तसं नसतं अक्का. जमीन कंपनीची झाली, आणि आपल्या हाती कंपनीचा एक तुकडा आला. पुढे बाग वाळली, शहर वाढत वाढत पैठण रोडला येऊन भिडलं, आणि आप्पासाहेबांच्या पोराने, शिवराजने, घसरगुंड्या आणि कारंजी बसवली. त्याला हैदराबादच्या लोकांनी पैसा लावला, नवे शेअर निघाले, आणि गेल्या दिवाळीपासून सगळा कारभार त्यांच्याकडे गेला. आपला तुकडा अजून आहे. पण भाकर एवढी मोठी झाली आहे की त्यात आपला कोपरा कुठला, तेच सापडत नाही.

उरलेली दोन एकर मात्र आबांच्या मागे तुझी आणि माझी आहेत. कंपनीला ती विहिरीसाठी हवी आहेत, कारण पाडव्याला नवा तलाव सुरू करायचा आहे. तू हक्कसोडीच्या कागदावर सही दिलीस की मला ती जागा त्यांना देता येईल, आणि मॅनेजर साहेब मला कायम करतील. मी अजून रोजंदारीवरच आहे, हे तुला कधी बोललो नव्हतो. बहिणी सही देतातच, म्हणून मी होकार कळवून टाकला. शनिवारी २९ तारखेला साहेब कागद घेऊन विहिरीवर येणार आहेत.

तुझ्यासाठी पैठणहून मोराच्या पदराची अस्सल पैठणी आणतो. दाजींना नमस्कार. लोभात कमी करू नकोस.

तुझाच
बिभीषण

---

खडकमाळ
ता. १३ मार्च २००३

चि. बिभीषण यास, मागच्याच पत्रातला आशीर्वाद पुरवून वापर.

पैठणी नेसून मी मेंढरांमागं हिंडू का? पयल्याच बाभळीला पदर अडकला की मोर उडून जायचा.

आन् अर्धलीचं तू मला शिकवू नको. अर्धलीनं दिलेली मेंढी घेणाऱ्यानं परस्पर इकली, तर आपल्यात पंच बसतात, त्याला उभं करून जाब इचारतात. मेंढीच्या कानाला आपली खूण असती. जमिनीच्या कानाला कुठं खूण करणार? आबाला मेंढी कळत होती, कंपनी कळत नव्हती. तुला दोन्ही कळतंय असं तुला वाटलं, तिथं सगळं बुडालं.

मी परवा आप्पासाहेबाच्या दारात जाऊन बसले. तुझे दाजी नको नको म्हणत होते, तरी आले मागं मागं. आप्पासाहेब वाळून चिपाड झालाय. त्याच्या बायकोनं, लक्ष्मीबाईनं, चहा दिला, साखर घालायची इसरली. मी सरळ इचारलं की आमची मेंढी कुणाच्या वाड्यात हाय ते सांगा. तर तो म्हणला, माझीबी त्याच वाड्यात गेली. पोराच्या नावाची पाटी उतरवली, पोरगा पुण्याला नोकरी करतो, आन् मला आत जायचं तर फाटकावर नाव लिवावं लागतं. मग भांडू कुणाशी, असं मी इचारलं. तो म्हणला, कंपनीला भाऊबंद नसतात, सोयरे नसतात, तिच्या दारात बसून रडता येत नाय. मी म्हणलं, तहान तर लागती ना तिला? त्यानं बिनसाखरेचा चहा खाली ठेवला. मग म्हणला, लागती. यंदा तिच्या दोन्ही बोअर कोरड्या हायत आन् टँकरवाले गावं सोडून तिच्याकडं येत नायत.

हे तू मला लिवलं नव्हतंस.

मंगळवारी त्यांची सुट्टी असती. पुंडलिक म्हणून तो दरवान हाय ना, पैठणकडचाच निघाला, त्याची आजी आपल्या मावशीच्या गावची. त्यानं मला एकटीला आत सोडलं. विहीर बघितली. पाणी खाली गेलंय, पण हाय. पलीकडं त्यांनी धनगराचा वाडा केलाय, शहरातल्या लोकांना फोटो काढाय. प्लास्टरचा धनगर, प्लास्टरच्या मेंढ्या. शिंगवाल्या नराला ही एवढी कास काढलीया! पुंडलिकला दाखवलं तर तो पोट धरून हसला. असल्या मेंढराला आत जागा, आन् खरी तारेबाहेर.

सही मिळायची नाय. साहेबाला कळव.

अक्का

---

उस्मानपुरा
ता. १९ मार्च २००३

ती. अक्कास, बिभीषणचा नमस्कार. आशीर्वाद पुरवून पुरवून संपत आला आहे, नवा धाड.

साहेबांना कळवलं. ते ओरडले नाहीत, शांतपणे म्हणाले की बहिणीची सही आली नाही तर एक तारखेपासून खिडकीवर बसायची गरज नाही. घरी अजून सांगितलेलं नाही. ज्ञानेश्वरीची दहावीची परीक्षा चालू आहे.

तू हट्टाला आबांवर गेलीस, ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण अक्का, तुझी मेंढरं त्या विहिरीवर उन्हाळ्यापुरती येतात, माझी चूल बारा महिने पेटवावी लागते. आबांना मी चुकीचं समजावलं म्हणून तू मला आणखी किती वर्षं ऐकवणार आहेस? मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. त्या फाटकासमोरून कंपनीच्या गाडीतून जातो तेव्हा मी मान दुसरीकडे करतो.

तुला खरंच वाटतं का की सही नाही दिली म्हणजे पाणी मिळेल? ते कुलूप काढणार नाहीत. दोघांचंही जाईल. मग मी काय करावं, ते तूच लिही.

तुझा
बिभीषण

---

खडकमाळ
ता. २३ मार्च २००३

चि. बिभीषण यास, नवा कोरा आशीर्वाद. घरच्यांनाबी.

रोजंदारीचं आधीच सांगितलं असतंस तर मी पयल्या पत्रात इतकी बोलले नसते. थोडी कमी बोलले असते.

शुक्रवारी कडुबाची बोअर बंद पडली. काल दोन कोकरं गेली. तुझे दाजी जेवले नायत, नुसते मेंढरांत बसून हायत. म्हणून आता रागाचं सोडून कामाचं लिवते. तू इचारलंस ना, ऐक.

विहीर इकायची नाय. पाणी द्यायचं. त्यांचं गिऱ्हाईक दहाला येतं, मेंढरं उजाडताच पिऊन माळाला जातात. तेवढा वेळ वाटेला कुलूप नको. बाकी दिवसभर त्यांनी मोटार लावून त्यांचा तलाव भरावा, माझं काही म्हणणं नाय. पाणी तळाला गेलं तर मात्र आधी जनावर, मग घसरगुंडी. आन् विहिरीवर मोटार चालू बंद करायला माणूस आपला पायजे, तो तू, आन् तोबी कायम, पक्क्या कागदावर. हे मान्य नसंल तर त्यांनी पाडव्याला कोरड्या तलावात पोरं घसरवावीत.

तू म्हणशील साहेब कामून ऐकंल. अरे, सही एकदाच लागती. ती दिली की तुला कोण इचारतंय? आप्पासाहेबाचं बघ. त्यानं सगळं देऊन टाकलं, आन् आता फाटकावर नाव लिवतो. पाणी रोज लागतं. जवर ते आपल्याकडून घ्यावं लागतंय, तवर तूबी लागतोस.

पण हे मी एकटीनं बोलून व्हायचं नाय. निम्मी विहीर तुझी हाय. आपण दोघं एका बाजूला उभं ऱ्हायलो तर साहेबाला दुसरी वाट नाय. तू त्याच्या बाजूला उभा ऱ्हायलास तरी मी सही देणार नाय, मग तुझी नोकरी जाईल, आमचा कळप जाईल, आन् विहीर तारेत नुसती पडून ऱ्हाईल. मला अजून आठ दिवस मेंढरं धरून ठेवता येतील असं वाटत नाय. तू नाय म्हणलास तर शनिवारी साहेबाला तोंडावर नकार देऊन आम्ही जायकवाडीकडं निघणार, वाटेत जेवढी जगतील तेवढी जगतील.

ज्ञानेश्वरीला म्हणावं, पेपर नीट लिव, बापाच्या काळजीत पडू नको. आन् तू आपली माया आटू देऊ नको, बाकी सगळं आटलंच हाय.

आता एवढंच सांग. शनिवारी तू पैठणच्या एस.टी.नं माझ्याकडं उतरणार, का कंपनीच्या गाडीतून साहेबाशेजारी बसून येणार? शुक्रवारी, २८ तारखेच्या सांजच्या एस.टी.ला मी रस्त्यावर उभी ऱ्हाणार हाय. कंडक्टरजवळ उत्तर पायजे. लांबण लावू नको. एस.टी. का गाडी, तेवढंच लिव.

रत्नमाला