जोडीचा दर

क्योतेरा, ३ मार्च

चि. नामाकुला हीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

चौथा महिना लागला ना? केळ्यांचं मटोके तरी पोटात ठरतंय का? तुमच्या मसाक्याच्या गुप्तरोग दवाखान्याचे दर परवा आमच्या समितीने ठरवले. डॉक्टर म्हणाले, औषधाचा खर्च निघेल तेवढं घेऊ. मी म्हटलं, खर्च काय बघता, पुरुष बघा! बायका येतात, इंजेक्शन घेतात आणि घरी जाऊन नवऱ्याकडून तोच रोग पुन्हा घेतात. म्हणून एकटी आली तर दहा हजार शिलिंग, नवऱ्यासह आली तर दोघांचे मिळून दोन हजार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता तुझ्या लुबेगाला कान धरून ने. गरोदर बाईचं रक्त तपासायलाच हवं.

तुझ्यावर माया करणारी,
आत्या नाब्बोसा

मसाका, १९ एप्रिल

ती. आत्यास गुडघे टेकून नमस्कार.

लुबेगा म्हणाला, बायकांच्या रांगेत बसायला मी काय गोमेसी नेसलोय? दहा हजार कुठून आणू? मग इथल्या सगळ्या करतात तेच केलं. फाटकाशी बोडाबोडा मोटारसायकलवाले उभे असतात, तीन हजारांत तासभर नवरा होतात. मला कागिमु मिळाला. म्हणे, वहिनी, माझं नाव काय ते आधी सांगून ठेवा, सकाळपासूनची तिसरी बायको तुम्ही!

माझ्या रक्तात गरमीचा रोग निघाला. कागिमुचं स्वच्छ, पण त्या कार्डावर नाव लुबेगाचं! ते त्याच्या हाती लागलं. आपण रक्त दिलंच नाही हे त्याला पक्कं ठाऊक, तरी सासूबाईंपुढे कार्ड नाचवतो की मी निर्मळ, मग हिने घाण आणली कुठून? त्याच्याखेरीज मला दुसरा पुरुष माहीत नाही, आत्या. मला माहेरी धाडायचं ठरवायला रविवारी भाऊबंद बसणार. खरं बोलले तर परका पुरुष भाड्याने घेतला म्हणून थुंकतील, गप्प राहिले तर बदफैली ठरेन.

इंजेक्शन घेतलंय. बाळासाठी प्रार्थना कर.

तुझीच,
नामाकुला

क्योतेरा, २२ एप्रिल

चि. नामाकुला हीस आशीर्वाद.

पत्र वाचून तशीच उठले आणि दवाखान्याची वही मागवली. गेल्या महिन्यात एकसष्ट जोडपी! त्याच आकड्यावर आम्ही केक कापला होता गं. त्यांतले खरे नवरे किती, देव जाणे. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, आणि ही सुळी रोवली कोणी? मी! आज भांडून तो दर मोडला. एकटी येवो की जोडीने, दोन हजार.

रविवारी मी येते. कागिमुला निरोप गेलाय, नर्सबाईही रक्त तपासायची सुई घेऊन येणार. लुबेगाने सगळ्यांदेखत बोट पुढे करावं. नाही केलं, तरी सगळ्यांना समजायचं ते समजेलच. नवरा भाड्याने का घेतलास असं कोणी विचारलं, तर मान खाली घालू नकोस. मी उभी राहून सांगेन, घ्यायला मी लावला. लग्नाआधी तुला सगळं शिकवणारी मी, हाही धडा माझाच.

माझ्यावर लोभ उरला असेल तर ठेव. नसला तरी मी येतेच आहे.

तुझी आत्या,
नाब्बोसा