गजकेत दगड नव्हता

मा. अपूर्वजी, दावा विभाग, विमा कार्यालय, इंदरगंज, यांस संभाजीराव जगदाळे यांचा नमस्कार.

तीळ-गुळाची कडक गजक चावताना माझी दाढ तुटली आणि शेजारचीही खिळखिळी झाली. दोन्ही नव्या बसवायच्या तर दातांचे डॉक्टर माझ्या दुकानाची अख्ख्या हिवाळ्याची कमाई मागतात. तुमचा विमा दातांसाठी पैसे देतो, पण फक्त अपघात झाला तर. म्हणून काल फोनवर तुम्ही प्रेमाने सुचवलंत, “काका, लिहून द्या ना, गजक में पत्थर था. क्लेम पास!”

अपूर्वजी, ती गजक माझीच होती.

दाल बाजारात कुणाच्याही हाताखाली न राहता, गूळ करपवत करपवत मी ही विद्या कमावली. तीळ पाखडून झाले की ताटात पसरून पुन्हा स्वतः निवडतो. दगड येणार कुठून? दाढच किडलेली होती, हे मी लेखी देतो.

माझी पत्नी सुलोचना हे पत्र टाकू देणार नाही. ती म्हणते, “कागदावर एक खडा टाकायला तुमचं काय जातंय? गजक काय कोर्टात जाणार आहे?”

पण दाढा मला हव्यातच. रोजचा पहिला तुकडा मी चाखायचो. आता सुलोचना चाखते आणि म्हणते, “ठीक आहे.” ठीक! नुसती ठीक गजक मी जन्मात विकलेली नाही.

तेव्हा दगड सोडून दुसरा कोणताही अपघात सुचवा. खोटं लिहिणार नाही, पण जिन्यावरून खरोखर पडायची माझी तयारी आहे.

आपला,
संभाजीराव