दूर्वांच्या माळावरचा ताप

१६ सप्टेंबर १९९६, गणेश चतुर्थी

श्रीगजाननाची कृपा असो. त्याच्या स्मरणावाचून पान आरंभिणे मला जमत नाही. आजवर त्याच्याकडे बुद्धी मागितली. आज एकनाथरावांचे आरोग्य मागतो.

नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनचा आमचा स्नेह. श्रावण लागल्यापासून आम्ही दोघे रोज सकाळी विद्यानगर स्टेशनामागच्या माळावर दूर्वा खुडतो – स्नान करून, ओलेत्याने, उघड्या अंगाने. मंडळाच्या गणपतीला सोवळ्यातल्याच दूर्वा हव्यात, हा दंडक माझा. गुडघे कुरकुरतात म्हणून मी बसायला पाट नेतो. एकनाथराव थेट गवतात मांडी घालतात आणि वर म्हणतात, शास्त्रीबुवांचे सिंहासन आले, वाट द्या.

आज ते आलेच नाहीत. काही दिवस अंगात ताप आहे म्हणे. मंडपाला यंदा शीतपेयाच्या कंपनीची कमान. बाटली एवढी थोर की गणपती तिच्यामागे शोधावा लागतो. हे त्यांना सांगायचे राहून गेले.

१८ सप्टेंबर

ताप हटत नाही. इंदुताईंनी यजमानांना मलकपेठेतील एका खासगी दवाखान्यात दाखल केले. टायफॉइड समजून औषध चालू आहे. भेटीस गेलो तर एकनाथरावांनी हातानेच विचारले, दूर्वा मिळाल्या का? मी मान डोलावली. डोळे लाल झाले आहेत. बोलणे थोडे असंबद्ध.

१९ सप्टेंबर

उतार नाही. महामृत्युंजयाचा जप आरंभिला.

२० सप्टेंबर

सूनबाई अपर्णा तारनाक्याच्या प्रयोगशाळेत काम करते. किडे, डास, गोचिडी यांच्यामार्फत माणसाला होणारे रोग, हा तिचा विषय. इतकी वर्षे मला तो विषय जेवणाच्या पंक्तीस अयोग्य वाटे; आज पंक्तीतच तिने माझी उलटतपासणी घेतली. आम्ही कोठे जातो, अंगावर काय असते, गवत किती वाढलेले, उंदरांची बिळे दिसतात का. मी सर्व सांगितले. पाटाचेही सांगितले.

तिने घास खाली ठेवला. "बाबा, म्हणजे तुम्ही पाटावर आणि काका गवतात?"

"होय."

"त्यांच्या अंगावर कुठे काळी खपली आहे का? कोणी नीट पाहिलंय?"

मग तिने उकल केली. उंदरांच्या अंगावर वाढणारा एक अतिसूक्ष्म कीटक असतो. त्याची पिल्ले गवताच्या टोकाशी वाट पाहत बसतात, माणूस बसला की अंगावर चढतात आणि वस्त्र जेथे घट्ट असेल तेथे चावतात. चावा दुखत नाही. चाव्याजागी खपली धरते, पुढे ताप येतो. रक्ताच्या तपासणीला वेळ लागतो. खपली आधी बोलते. औषध साधे आहे, पण उशीर झाला तर माणूस हाती लागत नाही.

तिने तत्काळ दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, रुग्ण अंगावरची चादर काढू देत नाहीत. जखम नाही म्हणतात.

२१ सप्टेंबर

सकाळीच गेलो. श्वास जड झाला होता. इंदुताई बाहेर बाकावर बसून होत्या; मूत्रपिंडावर ताण आल्याचे डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते.

एकनाथरावांनी चादर दोन्ही मुठींत आवळली. "नक्को, शास्त्रीबुवा. इतक्या वर्षांत बायकोनं पाहिलं नाही, ते त्या नर्सबाईंना दाखवू?"

"त्यांना नको. मला दाखवा. आपण एकाच विहिरीवर न्हालो आहोत."

"तुम्ही सोवळ्यात आहात."

"घरी जाऊन पुन्हा स्नान करीन. तुम्ही गेलात तर कशाने शुद्ध होऊ?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरविले. मी पडदा ओढला. करगोट्याच्या दोऱ्याखाली, डाव्या बाजूस, उदबत्तीचा चटका बसावा तशी काळी, वाटोळी खपली.

"ही होय?" ते म्हणाले. "दोरा काचला असंल. दुखत बी नाही. तुम्हाला काय सांगायचं त्यात?"

डॉक्टरांनी पाहिले आणि उभ्या उभ्याच औषध बदलले. मी बाहेर येऊन इंदुताईंच्या शेजारी बसलो. जपाची माळ हाती होती, मंत्र आठवेना.

२३ सप्टेंबर

ताप उतरला! एकनाथरावांनी गोंगुऱ्याची, म्हणजे आपल्या अंबाडीची, चटणी मागितली. डॉक्टरांनी नकार दिला, म्हणून डॉक्टरांची विद्या अपुरी ठरली आहे.

२४ सप्टेंबर

अपर्णेसह माळावर गेलो. तिच्या आज्ञेवरून पायांत बूट, मोजे, आणि पाटलोण मोज्यांत खोचलेली. चिरंजीव हर्षदने स्वतःची पाटलोण दिली आणि बापाचे हे ध्यान पाहून हसू दडपण्यासाठी आत निघून गेला.

तिने गवतात लहान लहान काळ्या तबकड्या मांडल्या. थोड्या वेळाने भिंगातून दाखविले – काळ्यावर गुलालाचे कण चालत होते. हेच ते. किती सुंदर, आणि किती घातक! सृष्टिकर्त्याने यांनाही पाय मोजूनच दिले आहेत.

२६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

सोवळ्याचा दंडक मीच केला होता, मीच मोडला. मंडळात सांगितले – यापुढे दूर्वा गच्चीवरच्या कुंड्यांतल्या. एका गृहस्थांनी शास्त्राधार विचारला. म्हटले, माळाचा तरी कोठे होता?

एकनाथराव घरी आले आहेत. विसर्जनाची मिरवणूक खिडकीतून पाहिली. उंदरांची हकिगत ऐकून म्हणाले, "दूर्वा त्याच्या, उंदीर बी त्याचाच. मधे जाऊन आपण कायकू बसलो?"

इंदुताई पदराआड हसल्या. किती दिवसांनी.

३० सप्टेंबर

अपर्णा सायंकाळी सांगत होती. त्याच माळावर गवत कापणाऱ्या बायकांची तिने चौकशी केली. एक तापाने सरकारी दवाखान्यात होती. लुगड्याच्या गाठीखाली तशीच खपली निघाली. औषध मिळाले, आता धोका टळला. तिचे नाव जयवंता.

ती मला ठाऊक आहे. आम्ही ओलेत्याने येताना दिसलो की विळा घेऊन वाट सोडून दूर उभी राही. तिला कधी कोणी काही विचारले नव्हते.

आज संध्येच्या संकल्पात तिचे नाव घेतले. गोत्र विचारले नाही.

हे पान ज्याच्या दृष्टीस पडेल त्याचे शरीर निरोगी राहो. आणि कधी दुखलेच, तर कोठे दुखते हे विचारणारे माणूस त्याच्याजवळ असो.